थेरपीचा उपयोग नक्की कोणाला होतो? जामखेडच्या इतिहासातून एक उत्तर



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांचे प्रश्न साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार ठरलेला: पेटचा अभ्यास कसा करायचा, सिनॉप्सिस किती पानांचा हवा, गाइड कसा निवडायचा. दुसरा प्रकार जरा हळू आवाजातला असतो. "मी आजारी वगैरे नाही, पण सारखं अडकल्यासारखं वाटतं. समुपदेशकाकडे गेलं तर काही उपयोग होतो का? की ते फक्त आजारी माणसांसाठी असतं?"

आज या दुसऱ्या प्रश्नाकडे बघू. पण "हो, जा, छान वाटेल" असं सांगून मी मोकळा होणार नाही. "थेरपीने व्यक्तिमत्त्वाची वाढ होते" हे एक विधान आहे, आणि आपण संशोधनाची तयारी करतोय. समोर विधान आलं की दोन गोष्टी विचारायच्या: हे आलं कुठून, आणि याला पुरावा काय? त्यासाठी मी तुम्हाला आधी थोडं दूर व्हिएन्नाला नेणार आहे आणि मग थेट अहिल्यानगर (जुनं अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला. जामखेडमध्ये कोणी सोफ्यावर बसून थेरपी घेतली नाही. तरीही बोलल्याने, ऐकल्याने माणूस कसा वाढतो याचं आपल्या मातीतलं इतकं चांगलं नोंदलेलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

बोलून बरं होणं, ही कल्पना

१८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नामध्ये डॉ. योझेफ ब्रॉयर हे बर्था पापेनहाइम नावाच्या तरुणीवर उपचार करत होते. तिला अनेक विचित्र लक्षणं होती. ती मनातलं बोलत गेली की लक्षणं कमी होतात असं दोघांच्याही लक्षात आलं. या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव दिलं ते डॉक्टरांनी नव्हे, तर खुद्द तिने. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी ही केस 'ॲना ओ.' या टोपणनावाने पुस्तकात छापली, आणि मनोविश्लेषणाची सुरुवात इथून झाली असं सगळीकडे सांगितलं जाऊ लागलं.

आता इथे संशोधकाने थांबायचं. पुढच्या इतिहासकारांनी कागदपत्रं तपासली तेव्हा असं दिसलं की ब्रॉयरचा उपचार संपल्यावरही पापेनहाइमला काही वर्षं पुन्हा पुन्हा सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं होतं. म्हणजे पहिलीच 'यशोगाथा' छापली होती तितकी स्वच्छ नव्हती. पण गोष्ट तिथेही संपत नाही. हीच बाई पुढे समाजकार्यात उतरली आणि १९०४ साली तिने जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. मग तिची वाढ कशामुळे झाली? बोलण्यामुळे? वेळ गेल्यामुळे? की करायला काम आणि सोबत माणसं मिळाल्यामुळे? हा प्रश्न लक्षात ठेवा. जामखेडला पोचल्यावर तोच पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

विसाव्या शतकात थेरपी 'आजार बरा करण्या'पासून 'माणूस वाढवण्या'कडे सरकली. १९५७ साली अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्स यांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: समोरच्याने तुम्हाला मनापासून समजून घेतलं, अटी न घालता स्वीकारलं आणि तो स्वतः नाटकी वागला नाही, तर तुमच्यात बदल होतो. साधारण त्याच काळात, १९५५च्या सुमारास, अल्बर्ट एलिस वेगळ्या वाटेने गेले. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला हट्टी विचार आपल्याला जास्त त्रास देतो, तो विचार तपासायचा, असं ते म्हणाले. एलिस यांची ही पद्धत मराठीत रुजवण्याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना जातं. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्यांनी ती आत्मसात केली आणि आपल्या वाचकांपर्यंत पोचवली. 'विवेकनिष्ठ' हा शब्द तुम्ही कुठे ऐकला असेल, तर तो या परंपरेतून आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणजे सगळं परदेशातून आलं? तसंही नाही. आपल्याकडे पहाटे जात्यावर बसलेली बाई ओव्या गायची. माहेर, सासर, मुलगा, भाऊ, नवऱ्याचं वागणं, सगळं त्यात यायचं. हेमा राईरकर आणि गी प्वाटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जे दिवसभर तोंडातून काढता येत नव्हतं ते जात्यापुढे निघत होतं. पण जातं ऐकतं, उलट काही विचारत नाही. शिवाय दिवस उजाडला की बाई पुन्हा त्याच घरात, त्याच जागी. मन हलकं होणं वेगळं आणि आयुष्य पुढे सरकणं वेगळं. थेरपीबद्दल बोलताना या दोन गोष्टींची आपण सर्रास गल्लत करतो.

जामखेड, १९७०

जामखेड हा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका. बीड, धाराशिव आणि सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमा त्याला लागतात. पाऊस कमी, जमीन हलकी आणि दुष्काळ नेहमीचा.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झालं. त्यांनी काही वर्षं याच जिल्ह्यात वडाळा इथल्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट सतत दिसत होती: बरे होऊन घरी गेलेले रुग्ण तोच आजार घेऊन परत येत होते. आजाराचं मूळ पाण्यात, अन्नात आणि घरातल्या बाईच्या स्थितीत होतं, आणि औषध मात्र हॉस्पिटलात. मग दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० साली जामखेडला येऊन 'सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू केला. सुरुवातीचा दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होता.

पहिला प्रयोग असा होता की शिकलेल्या नर्सबाईंनी गावात राहून काम करायचं. तो जमला नाही. एकट्या तरुण नर्सला परक्या गावात राहणं अवघड, आणि गावालाही ती परकी. तेव्हा उलटा विचार झाला: गावातलीच बाई का नको? गावाने निवडायची आणि तिला आरोग्याचं शिक्षण द्यायचं. निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, अनेक जणी दलित कुटुंबांतल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यातच १९७२चा दुष्काळ पडला.

आता तुम्ही प्रशिक्षणाचा आराखडा करायला बसलात तर पहिल्या पानावर काय लिहाल? जुलाब, ताप, बाळंतपण, लसीकरण. हो ना? ते सगळं तिथे होतंच. पण आरोळे दाम्पत्याने प्रशिक्षणात आणखी एका गोष्टीला तितकंच वजन दिलं: त्या बाईची स्वतःबद्दलची समजूत. जी बाई गावात 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची आई' म्हणून ओळखली जाते, जिला चावडीपुढून जाताना मान खाली घालावी लागते, ती पाटलाच्या घरात जाऊन "बाळाला पाणी उकळून द्या" असं सांगेल कशी? तिने सांगितलं तरी ऐकेल कोण? आधी तिला स्वतःला पटायला हवं की आपल्याला काही कळतं आणि आपलं म्हणणं सांगण्यासारखं आहे.

म्हणून या बायका नियमितपणे जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. शिकलेलं बोलून दाखवायच्या, गाणी रचायच्या. आणि आपापल्या घरातलं सांगायच्या: मारहाण, मुलगी झाली म्हणून ऐकावे लागलेले टोमणे, विटाळ, उपास. ऐकणारी पलीकडची बाईही तेच भोगून आलेली असायची. मग पुढच्या खेपेला येताना "गेल्या वेळी ठरवलं होतं ते केलंस का? काय झालं?" ही विचारपूस.

जरा रॉजर्स आठवा. समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं, खरेपणाने वागणं. या बायकांना रॉजर्सचं नावही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ते तिन्ही घटक तिथे होते. आणि जात्याकडे जे नव्हतं तेही होतं: उलट प्रश्न विचारणारं माणूस आणि परत जाऊन करायचं ठरलेलं काम.

वाढ म्हणजे नक्की काय झालं?

या कामाची दखल देशाबाहेरही घेतली गेली. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ साली दोघांनी मिळून या प्रकल्पावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९८८ सालचा एक प्रसंग.

त्या वर्षी मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्य कार्यकर्तीने वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्यावरच्या परिषदेत भाषण केलं. समोर जगभरचे तज्ज्ञ बसले होते. भाषणाच्या शेवटी तिने सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवलं. तिच्या म्हणण्याचा आशय असा: डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे, महाग, आणि आमच्यापासून लांब. मग तिने साध्या वातीचे दोन दिवे काढले, एक लावला आणि त्याच्यावर दुसरा लावून दाखवला. आम्ही या दिव्यांसारख्या, साध्या आणि स्वस्त. पण झुंबराला जे जमत नाही ते आम्हाला जमतं, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावता येतो.

ही गोष्ट जगभर अनेकदा सांगितली गेली आणि बहुतेक वेळा सार्वजनिक आरोग्याचा धडा म्हणून. मी तुम्हाला तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला सांगतो. हे सगळं स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या उपमेत, हजारो मैलांवर अनोळखी लोकांपुढे सांगता येणं, हीच ती 'व्यक्तिमत्त्वाची वाढ'. तिला आपण मोठा मोघम शब्द करून ठेवलंय. प्रत्यक्षात ती मोजकीच दिसते: आधी जे बोलता येत नव्हतं ते बोलता येणं, आधी जो निर्णय दुसरा घ्यायचा तो आपण घेणं, आणि आपल्याला मिळालेलं पुढच्याला देता येणं.

पण पुरावा?

इथपर्यंत वाचून तुम्हाला छान वाटत असेल तर सावध व्हा. गोष्ट सुंदर आहे म्हणून ती पुरावा होत नाही. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: तुलना कोणाशी केली?

आधी शरीराच्या आरोग्याचं बघू. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली या भागात हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती, आणि १९९६च्या सुमारास हा आकडा २६ झाला होता. प्रचंड फरक. पण त्या पंचवीस वर्षांत साऱ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी झाले. मग जामखेडचं श्रेय किती? याचं उत्तर शोधणारा एक अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. संशोधकांनी प्रकल्पातली गावं आणि आसपासची, प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली. जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत साधारण ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. बघा, आधी-नंतरची तुलना केली तर चमत्कार दिसतो. शेजारच्या गावाशी तुलना केली की खरा, मोजका आणि तरीही मोलाचा फरक हाती येतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच रकाने असतील, तर हे उदाहरण आठवा.

आता मनाचं. २००७ साली मिशेल कर्मोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक गुणात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांमध्ये जामखेडची माणसंही होती. त्यांनी प्रकल्पाशी जोडलेल्या ३२ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या: मन निरोगी असणं म्हणजे काय, ते कशाने बिघडतं, आणि प्रकल्पामुळे काय बदललं. बहुतेकींच्या मते निरोगी मन म्हणजे ताण नसणं, आपल्याकडे ज्याला सरळ 'टेन्शन नाही' म्हणतात ते. ताण कशाचा? नवऱ्याशी आणि सासूशी भांडणं, मारहाण, गरिबी. स्त्रियांच्या हातात पैसा आला, शिक्षण आलं, जातीचा आणि बाईपणाचा जाच कमी झाला की मनही सुधारतं, हा संबंध त्यांना स्पष्ट दिसत होता. पण त्याच मुलाखतींत आत्महत्या आणि हिंसा यांची वर्णनंही भरपूर होती. तीस-पस्तीस वर्षांच्या कामानंतरसुद्धा दुःख संपलेलं नव्हतं.

या अभ्यासात तुलनेचा गट नाही. सगळ्या स्त्रिया प्रकल्पाशी जोडलेल्या. म्हणून "प्रकल्पामुळे मन सुधारलं" असं यातून सिद्ध होत नाही. यातून कळतं ते एवढंच की त्या स्त्रियांना स्वतःच्या मनाचा आणि परिस्थितीचा संबंध कसा दिसतो. हेही काही कमी नाही, फक्त दोन दावे वेगळे ठेवायचे.

आणि आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा निष्कर्ष. याच गटाने २००७च्या अखेरीस एक सर्वेक्षण केलं. त्यात गावातले २४० लोक आणि ६० ग्राम आरोग्य कार्यकर्त्या होत्या. त्यांना दोन काल्पनिक माणसांची वर्णनं ऐकवली, एक नैराश्याचं आणि एक सायकोसिसचं, आणि विचारलं: याला असं का झालं असेल? तुमचा अंदाज काय? करणी, भूतबाधा? तर नाही. दैवी किंवा बाहेरच्या बाधेची कारणं फार लोकांनी मानली नाहीत. बहुतेकांनी सामाजिक-आर्थिक कारणं सांगितली. पण सोबत आणखी एक कारणही मान्य केलं गेलं: स्वभावाचा कमकुवतपणा.

म्हणजे एका बाजूने "परिस्थितीमुळे झालं" आणि दुसऱ्या बाजूने "मनाचा कच्चा असणार". एकाच समाजात दोन्ही उत्तरं एकत्र. हसू नका, कारण आपल्या हॉस्टेलमध्ये, प्रयोगशाळेत हेच चालतं. फेलोशिप आठ महिने आली नाही, गाइडने मसुदा वाचलेला नाही, घरून लग्नासाठी फोन येताहेत, हे सगळं आपल्याला स्वच्छ दिसतं. तरी रात्री मन सांगतं, "बाकीचे करतायत की. तूच कमी पडतोयस." कारण बाहेर आहे हे माहीत असूनही दोष आत शोधायचा, ही सवय एकट्याने मोडत नाही. माझ्या मते समुपदेशकाचा पहिला फायदा हाच: तो किंवा ती तुमच्याबरोबर बसून ही दोन खाती वेगळी करते. यातलं माझ्या हातात काय, बाहेरचं काय, आणि बाहेरच्या गोष्टीसाठी मी स्वतःला कधीपासून शिक्षा देतोय.

गोव्यातली चाचणी

तुलनेचा गट असलेलं, बोलण्यावर आधारलेलं काम बघायचं तर शेजारच्या गोव्यात जाऊ. तिथे १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सुधारित नेहमीचे उपचार, दुसऱ्या गटाला त्यासोबत सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

बैठकीत काय व्हायचं? तत्त्व अगदी साधं. मन खचलं की माणूस गोष्टी टाळतो, टाळल्याने आयुष्यातला आनंद आणि जमल्याचं समाधान कमी होतं, त्याने मन आणखी खचतं. हे चाक उलटं फिरवायचं तर आधी छोटी, ठरवलेली कृती करायची. 'मूड आला की करीन' असं न म्हणता 'केलं की मूड येईल' या क्रमाने. चौथं प्रकरण तीन महिने न उघडलेल्या कोणालाही हे चाक समजावून सांगायची गरज नाही!

इथेही दावा मापातच ठेवू. ही चाचणी आजारी माणसांवरची होती. त्यातून 'निरोगी विद्यार्थ्याची वाढ होते' असं थेट म्हणता येत नाही. आणि ३९ हा आकडाही विसरू नका. दुसऱ्या गटातलेही बरेच जण सुधारले. पण जामखेडमध्ये जे घटक दिसले, नियमित भेट, ऐकणारं माणूस, ठरवून केलेली छोटी कृती आणि पुढच्या वेळी त्याची विचारपूस, ते गोव्यात काटेकोर चाचणीतून पार पडले. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच गावाला पोचलो, की आपला विश्वास थोडा वाढवायला हरकत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

संशोधनात येणाऱ्यांसाठी हा प्रश्न ऐच्छिक नाही. २०१९ साली 'नेचर'ने जगभरच्या सहा हजारांहून अधिक पीएच.डी. विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण केलं. त्यात ३६ टक्के जणांनी पीएच.डी.मुळे आलेल्या चिंता किंवा नैराश्यासाठी मदत घेतल्याचं सांगितलं. सर्वेक्षणाला उत्तर देणारे स्वतःहून पुढे आलेले असतात, तेव्हा हा आकडा सगळ्यांना लावू नका. पण "असं फक्त मलाच होतं" हे वाक्य खोडायला तो पुरेसा आहे.

एक. समुपदेशन फक्त कोसळल्यावर घ्यायची गोष्ट नाही. जामखेडच्या बायका आजारी होत्या म्हणून आल्या नव्हत्या. त्यांना अवघड काम करायचं होतं, आणि त्या कामासाठी स्वतःवर काम करणं गरजेचं होतं. तुमचंही तेच आहे. पाच वर्षं नकार ऐकणं, अनिश्चिततेत बसणं, आपल्याहून वरच्या माणसाला "सर, मला हे पटत नाही" असं नीट सांगणं, हे अवघड काम आहे.

दोन. थेरपी म्हणजे परिस्थिती बदलायला पर्याय नव्हे. जामखेडमध्ये नुसत्या गप्पा झाल्या नाहीत. व्यवसायासाठी कर्ज मिळालं, पाणी आलं, महिला मंडळं उभी राहिली. फेलोशिप अडली असेल तर त्याचं उत्तर अर्ज, पाठपुरावा आणि एकत्र येऊन मागणी करणं हेच आहे. श्वासाचे व्यायाम नाहीत. चांगला समुपदेशक तुम्हाला निमूट सहन करायला शिकवत नाही. तो मागणी करण्याइतकं उभं राहायला मदत करतो.

तीन. मित्र आणि समुपदेशक एकमेकांची जागा घेत नाहीत. मित्राकडे मन हलकं होतं, आणि तेही हवंच. पण मित्राला तुमची बाजू घ्यायची असते, शिवाय त्याचीही रडगाणी असतात. प्रशिक्षित माणूस ठरलेल्या वेळी भेटतो, तुमचं बोलणं गुप्त ठेवतो आणि मित्र जो प्रश्न विचारायला कचरेल तो विचारतो.

चार. पहिल्याच भेटीत फरक पडेल असं समजू नका, आणि एकाशी जमलं नाही म्हणून सगळी थेरपी मोडीत काढू नका. जामखेडमध्येही पहिला प्रयोग फसला होता. चार-सहा भेटी झाल्यावर स्वतःला विचारा: जे बोलता येत नव्हतं त्यातलं काही बोलता येतंय का? टाळलेलं एखादं काम केलं का? उत्तर सतत 'नाही' येत असेल तर समुपदेशकाला तसं स्पष्ट सांगा, किंवा दुसरा शोधा.

पाच. काही गोष्टींना बोलणं पुरत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण सुटलंय, मरणाचे विचार येतायत, तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरकडे जायचं, लगेच. औषध घेणं म्हणजे हरणं नाही.

जायचं कुठे? आधी विद्यापीठात विचारा. विद्यार्थ्यांसाठी समुपदेशनाची सोय असावी असं यूजीसीच्या २०१५च्या विद्यार्थी सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. तुमच्याकडे ती कागदावर आहे की खोलीत, हे बघा, आणि कागदावरच असेल तर लेखी मागा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. गावाकडच्या, घरात स्वतंत्र खोली नसलेल्या विद्यार्थ्याला शेताच्या बांधावरूनही हा फोन लावता येतो.

शेवटी एक गोष्ट खास तुमच्यातल्या त्या मंडळींसाठी, जे मुलाखती घेऊन संशोधन करणार आहेत. तुम्ही लोकांना त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात कठीण गोष्टी विचाराल, आणि त्या घेऊन घरी याल. त्या ३२ मुलाखती कोणीतरी शांतपणे ऐकल्या होत्या, पुन्हा टेप लावून लिहून काढल्या होत्या, भाषांतर केल्या होत्या. ऐकणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे आपलं म्हणणं कोणीतरी नीट ऐकून घेतल्याचा अनुभव स्वतः घेणं. फील्डवर्कच्या आराखड्यात प्रवासखर्च आणि रेकॉर्डर लिहिता ना? त्याच्याच खाली एक ओळ वाढवा: मी कोणाशी बोलणार?

कर्मोड आणि सहकाऱ्यांचा २००७चा निबंध इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतो. या आठवड्यात तो वाचा, आणि वाचताना एका कागदावर दोन रकाने करा: या निबंधातून काय म्हणता येतं, आणि काय म्हणता येत नाही. पेटच्या तयारीलाही कामाला येईल.